गुब्बियोच्या तीन प्रदक्षिणा

मला कोरलेल्या अक्षरांचं लहानपणापासून वेड आहे. देवळात गेलं की बाकीचे गाभाऱ्याकडे जाणार आणि मी बाहेर भिंतीवर कुठे शिलालेख दिसतोय का ते बघत फिरणार, म्युझियममध्ये ताम्रपट दिसला की तिथून माझा पाय निघत नाही. हे आलंय आईकडून. तिने बत्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, घरात धातू आणि विभक्ती असंच चालायचं. त्यामुळे आम्हा दोघींची इटलीची ट्रिप ठरली तेव्हा रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस या सगळ्यांच्या यादीत मी एक नाव मुद्दाम घातलं, गुब्बियो. मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतातलं, डोंगराच्या अंगावर वसलेलं मध्ययुगीन गाव. तिथल्या एका जुन्या इमारतीत ब्राँझचे सात पत्रे आहेत, कोरलेले, आपल्या ताम्रपटांसारखेच, फक्त सगळा मजकूर अशा भाषेत की जी बोलणारं माणूस जगात दोन हजार वर्षांत उरलेलं नाही. मी त्या पत्र्यांसाठी गेले होते. दोन रात्रींचं बुकिंग होतं, राहिलो चार.

जायचं कसं ते आधी सांगते कारण मला ही माहिती जमवायला बराच वेळ लागला. गावात रेल्वे नाही. रोमहून अँकोनाला जाणाऱ्या लाइनवर फोस्सातो दी विको नावाचं लहानसं स्टेशन लागतं, तिथे उतरायचं आणि पुढे बस, साधारण वीस किलोमीटर. आम्ही नेमके रविवारी पोचलो आणि रविवारी बस अगदी मोजक्या, सव्वादोन तास स्टेशनच्या बाकावर काढले. तुम्ही जाणार असाल तर सोमवार ते शनिवारच जा, आणि बसचं तिकीट चढायच्या आधी काढून ठेवा.

बस दरीतून वळली आणि गाव समोर आलं तेव्हा आई एकदम गप्प झाली. राखाडी दगडाचं गाव. मोंते इंजीनो नावाचा डोंगर आहे, त्याच्या पायथ्यापासून वर वर एकावर एक रस्ते आडवे गेलेत, शेतीच्या पायऱ्या असतात ना डोंगरात, तसे, आणि प्रत्येक पायरीवर घरांची रांग. छपरं फिकट तांबूस कौलांची. आणि बरोब्बर मधे एक उंच, सरळसोट, किल्ल्याच्या बुरुजासारखी इमारत, पलात्सो देई कॉन्सोली. आजूबाजूची घरं तिच्या घोट्यापर्यंतच येतायत असं वाटतं. आई म्हणाली, "अगं, हा तर गड आहे." गड नाहीये तो, गावाच्या कारभाऱ्यांची कचेरी होती, पण लांबून बघणाऱ्याला तसंच वाटावं म्हणूनच बांधली असणार.

चढ खूप आहे हे खरं. आईच्या गुडघ्यांची मला काळजी होती. पण गावात सार्वजनिक लिफ्ट आहेत, खालच्या रस्त्यावरून वर मोठ्या चौकापर्यंत आणि तिथून पुढे कॅथेड्रलच्या पातळीपर्यंत. जुन्या भिंतीत छोटा दरवाजा, आत लिफ्ट, बाहेरून कळतही नाही. मला हे फार आवडलं. ज्यांना सातशे वर्षं जुन्या गावात रोज राहायचंय, भाजी आणायचीये, म्हाताऱ्या आईला डॉक्टरकडे न्यायचंय, त्यांचाही विचार कोणीतरी केलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात गेलो. पियात्सा ग्रांदे म्हणतात त्याला. हा चौक जमिनीवर नाहीये! डोंगराचा उतार इतका की सपाट जागाच नव्हती, म्हणून खालून प्रचंड कमानी उभ्या करून त्यावर चौक तोलून धरलाय, तीन बाजूंना इमारती आणि चौथी बाजू मोकळी, कठड्याशी उभं राहिलं की खालची सगळी कौलं आणि त्यापलीकडे दरी. चौदाव्या शतकातलं काम आहे. पलात्सो १३३२ ते १३४९ या काळात बांधला. म्हणजे तो पूर्ण होत होता त्याच सुमाराला १३४८ च्या प्लेगने अख्खा इटली धुऊन निघत होता.

आम्हाला माहीत नव्हतं की तो दिवस साधा नव्हता. २ जून. चौकात शाळकरी पोरांची झुंबड होती, पांढऱ्या पँट, गळ्यात आणि कमरेला लाल फडकं, आणि शर्ट तीन रंगांचे, पिवळे, निळे आणि काळे. आया पोरांच्या कमरेची फडकी परत परत घट्ट बांधत होत्या. मी एका बाईंना विचारलं आज काय आहे, तर त्या म्हणाल्या "चेरी पिक्कोली", आणि मग हाताने लहान लहान अशी खूण केली. संध्याकाळी या, असं सांगितलं. ते पुढे सांगते, आधी पत्रे.

पलात्सोच्या आत वर एका दालनात सातही पत्रे काचेत ठेवलेत. इगुवियमचे पत्रे. इगुवियम हे गुब्बियोचं रोमन नाव. सगळ्यात मोठा पत्रा साधारण ८६ सेंटिमीटर उंच, म्हणजे माझ्या कमरेच्या जरा खाली येईल एवढा. रंग काळपट तपकिरी, आणि अक्षरं इतकी स्वच्छ, इतकी खोल की कालच कोणीतरी छिन्नी ठेवून घरी गेलाय. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या ते पहिल्या शतकातले मानतात हे. भाषा उंब्रियन. काही पत्रे उंब्रियन लिपीत, ती इटलीतल्या जुन्या एट्रुस्कन लोकांच्या लिपीवरून आलेली आणि उजवीकडून डावीकडे वाचायची. बाकीचे लॅटिन लिपीत, डावीकडून उजवीकडे. आणि नशीब असं की एकच विधी दोनदा लिहिलेला आहे, एकदा थोडक्यात जुन्या लिपीत आणि एकदा सविस्तर लॅटिन लिपीत. अभ्यासकांना भाषा उलगडायला याचा फार मोठा आधार झाला. हे पत्रे नसते तर उंब्रियन भाषा म्हणजे इकडेतिकडे मिळालेले चार तुटके लेख, बस. एक अख्खी भाषा या सात पत्र्यांनी वाचवलीये.

ते सापडले १४४४ मध्ये आणि गावाने ते १४५६ मध्ये विकत घेतले. किंमत काय दिली माहितीये का? दोन वर्षांचा चराईचा हक्क. ज्याच्याकडे पत्रे होते त्याला गावाने दोन वर्षं गुरं चारायची जमीन दिली. मला हा व्यवहार वाचून अंगावर काटा आला, कारण त्यात काय लिहिलंय हे तेव्हा गावातल्या एकाही माणसाला वाचता येत नव्हतं. न वाचता येणारी वस्तू आपली आहे, ती गावातच राहिली पाहिजे, एवढंच त्यांना कळलं आणि त्यांनी ती घेतली.

आता लिहिलंय काय. अतिएदियन बंधू नावाचं पुजाऱ्यांचं एक मंडळ होतं, त्यांचे हे विधी. गावाची शुद्धी कशी करायची, कुठल्या दरवाजासमोर कुठल्या देवाला काय बळी द्यायचा, आधी कुठले पक्षी दिसायला हवेत, सुतारपक्षी आणि मॅगपाय, कोणत्या बाजूला, पुजाऱ्याने कुठे बसायचं, काय म्हणायचं, चुकलं तर परत पहिल्यापासून. बंधूंना त्या भाषेत शब्द आहे फ्रातेर. आईने माहितीचा तक्ता वाचला आणि मला म्हणाली, "भ्रातर." पुढे एक ओळ होती, त्रेबुलान दरवाजासमोर ज्युपिटरला "त्रे बुफ", म्हणजे तीन बैल. आई पुटपुटली, "त्रि. आणि बुफ म्हणजे गो असणार, ग चा ब झालाय." मी फोनवर शोधलं, खरंच तसं आहे. मग ती प्रत्येक तक्त्यापाशी थांबायला लागली, चष्मा वर खाली करत.

आणि मग आली ती प्रार्थना जिच्यासाठी मी एवढ्या लांबून आले होते. देवाला म्हणतात, गावातली "वेइरो पेक्वो" नीट ठेव. वेइरो म्हणजे माणसं, पेक्वो म्हणजे गुरंढोरं. वीर आणि पशु. वेदातला वीर म्हणजेही माणूसच, पुरुष, नंतर त्याचा शूर झाला. इराणच्या अवेस्तातही हीच जोडी आहे, पसु वीर. म्हणजे हे लोक, ते लोक आणि आपले लोक कधीतरी एक भाषा बोलत होते तेव्हापासून देवाकडे मागायची गोष्ट एकच, माणसं आणि जनावरं सुखरूप राहू देत. "नीट ठेव" मधला "साल्वा" हा शब्द आपल्या "सर्व" चा सख्खा भाऊ. आई म्हणाली सर्व चा जुना अर्थ अखंड, न तुटलेलं असाच आहे, मी मुलांना कधी शिकवलं नाही ते, परीक्षेत येत नव्हतं. आणि ती तिथल्या दगडी बाकावर बसली आणि बराच वेळ बसून राहिली. मी पण काही बोलले नाही.

अजून एक ओळ मी वहीत उतरवून घेतली होती. लोकांच्या शुद्धीचा विधी आहे त्यात. "त्रिउपेर अंप्रेहतू". तीनदा फेरी घाल. बळीची जनावरं घेऊन जमलेल्या लोकांभोवती तीनदा फिरायचं, तीनदा प्रार्थना करायची. आई म्हणाली, "तीन प्रदक्षिणा." बास, त्यानंतर तीन दिवस तो शब्द आमची पाठ सोडेना.

कारण त्याच रात्री परत तेच कानावर आलं.

आधी चेरी काय ते सांगायला हवं. मोठा उत्सव असतो १५ मे ला. सांत उबाल्दो हे गावाचे बिशप, ११६० मध्ये १६ मे ला वारले, त्यांच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी ही धाव असते. तीन चेरी, म्हणजे लाकडाचे तीन उंच खांब, दोन अष्टकोनी पोकळ भाग एकावर एक बसवलेले, चार मीटरपेक्षा उंच आणि जवळपास ३०० किलो वजनाचे. प्रत्येकाच्या टोकावर एक संत. सांत उबाल्दो गवंड्यांचे, पिवळा रंग. सान जॉर्जो व्यापाऱ्यांचे, निळा. सांत अंतोनियो शेतकऱ्यांचे, काळा. हे उभे धरून खांद्यावर घेऊन पळत पळत गावातून आणि मग डोंगरावर उबाल्दोच्या देवळापर्यंत न्यायचे. आणि यात कोणी कोणाच्या पुढे जात नाही! क्रम ठरलेला आहे, उबाल्दो पहिले, मग जॉर्जो, मग अंतोनियो, दरवर्षी. मग शर्यत कसली असं कोणीही विचारेल. तर शर्यत अशी की खांब पडू द्यायचा नाही, वाकू द्यायचा नाही, मधे अंतर पडू द्यायचं नाही, जसा दिलाय तसा वर न्यायचा. मला पालखीचे भोई आठवले, तिथेही कोणी जिंकत नाही, खांदा बदलताना धक्का लागला नाही पाहिजे एवढंच असतं. इथेही धावता धावता खांदेकरी बदलतात, एक सुटतो, दुसरा घुसतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत.

उंब्रिया प्रांताच्या झेंड्यावर याच तीन चेरींचं चिन्ह आहे, एवढं ते त्यांचं आहे.

आणि २ जूनला हीच धाव पोरांची. खांब लहान, पण बाकी सगळं तसंच. आम्ही एका अरुंद रस्त्यात भिंतीला पाठ टेकवून उभे राहिलो, आधी लांबून आरडाओरडा, मग जमीन थरथरल्यासारखी, आणि वळणावरून पिवळा खांब तिरका होऊन आला, आता घराच्या कोपऱ्याला आदळणार असं वाटलं, आणि बाहेरच्या बाजूचा एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा दात आवळून, पूर्ण अंग लोटून तो सावरत होता, त्याच्या मानेची शीर टरारून फुगलेली, चेहरा लालबुंद. माझ्यापासून दोन हातांवर. त्याचं लक्ष गर्दीकडे नव्हतं, कॅमेऱ्यांकडे नव्हतं, फक्त खांद्यावरच्या लाकडाकडे. त्याच्या शेजारून एक आजोबा पळत होते, पिवळा शर्ट घातलेले, आणि एकच शब्द परत परत म्हणत होते, "द्रीत्तो, द्रीत्तो", सरळ, सरळ. मग निळा, मग काळा. आणि संपलं, सगळा आवाज वर निघून गेला. आईच्या डोळ्यात पाणी होतं आणि माझ्याही.

रात्री आमच्या घरमालकीणबाईंनी सांगितलं की मोठ्या दिवशी चौकात खांब उभे करतात तेव्हा ते चौकात तीन फेऱ्या घेतात, झेंड्याच्या काठीभोवती. मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. त्रिउपेर.

मी इथे जपून लिहितेय. पत्र्यांतला विधी आणि चेरी यांच्यात धागा आहे असं मांडणारे अभ्यासक आहेत, आणि हा उत्सव ख्रिस्ती काळातला, उबाल्दोंसाठी मेणबत्त्या नेण्यातून सुरू झालेला, असं म्हणणारेही आहेत. चेरो या शब्दाचा अर्थच मोठी मेणबत्ती. मला निकाल द्यायचा नाहीये. मला एवढंच दिसलं की तीनदा फिरायचं हे या गावाला माहीत आहे. खाली बार्जेल्लोच्या छोट्या चौकात एक कारंजं आहे, त्याला वेड्यांचं कारंजं म्हणतात. त्याभोवती तीनदा धावायचं, गावातल्या माणसाने अंगावर पाणी उडवायचं, की तुम्ही गुब्बियोचे मानद वेडे, सर्टिफिकेट पण मिळतं. या गावाचे लोक स्वतःला वेडे म्हणवून घेतात आणि ते फार अभिमानाने म्हणतात. दुसऱ्या दिवशी आईने तीन फेऱ्या पूर्ण केल्या, हळूहळू, माझा हात धरून, आणि शेजारच्या दुकानातल्या बाईंनी बाहेर येऊन ओंजळीने पाणी शिंपडलं. देवळात तीर्थ शिंपडतात ना, तेवढंच, हलक्या हाताने.

त्याच दिवशी डोंगरावर गेलो. फ्युनिव्हिया म्हणजे रोपवे आहे पण केबिन नाही, माणूस उभा राहील एवढे लोखंडी पिंजरे, सगळीकडून उघडे, दोघंच मावतात आणि ते थांबत नाहीत. जमिनीवर ठिपका आहे त्यावर उभं राहायचं, पिंजरा मागून येतो, तिथला माणूस तुम्हाला आत घालतो आणि दार लावतो. आईला जमेल का अशी मला धाकधूक होती, तर तिला आधी नीट समजावून, दोन्ही दंड धरून, असं अलगद आत उभं केलं त्यांनी. सहाएक मिनिटं हवेत. खाली कौलं लहान होत जातात, मग झाडं, मग फक्त वारा. वर सांत उबाल्दोचं देऊळ, आत उंचावर काचेच्या पेटीत त्यांचा देह, आठशेहून जास्त वर्षं ठेवलेला. आणि बाजूला भिंतीशी तिन्ही मोठे चेरी उभे. तीनेक आठवड्यांपूर्वीच धावून आलेले. संतांच्या मूर्ती त्यावर नव्हत्या, त्या उत्सवाच्या रात्रीच परत खाली गावातल्या गवंड्यांच्या चर्चमध्ये नेतात, तीन खांब मात्र वर्षभर इथेच. जवळून बघितलं तर खालच्या दांड्यांना, जिथे खांदा लागतो तिथे, लाकूड गुळगुळीत झालंय आणि रंग वेगळा आहे.

त्या गवंड्यांच्या चर्चची पण एक गोष्ट आहे. गुब्बियोचा लांडगा ऐकला असेल. गावाला छळणारा लांडगा, संत फ्रान्सिस त्याला सामोरे गेले, त्याने पंजा त्यांच्या हातात दिला, ठरलं असं की तू कोणाला मारायचं नाहीस आणि गाव तुला जेवायला घालेल, आणि तो मरेपर्यंत दोन वर्षं गावाने त्याला दारोदार जेवायला घातलं. या चर्चमध्ये १८७२ साली दुरुस्ती करताना दगडाखाली मोठ्या श्वापदाचा सांगाडा सापडला असं सांगतात. मला त्या गोष्टीतला सगळ्यात सुंदर भाग शेवटचा वाटतो. लांडगा मेल्यावर गाव हळहळलं.

जुन्या घरांचं एक वैशिष्ट्य सांगायलाच हवं, कारण ते रस्त्यातून चालताना सारखं दिसतं. मोठ्या दाराच्या शेजारी एक अरुंद दार, जमिनीपासून वर, पायरीशिवाय. याला मढ्याचं दार म्हणतात, घरातलं मयत तिथून बाहेर काढायचे आणि मग ते बंद करून टाकायचे अशी समजूत आहे. जाणकार म्हणतात ते वरच्या मजल्याचं दार होतं, आतून लाकडी जिना, रात्री जिना काढून घेतला की घर सुरक्षित. मला दुसरं पटतं. पण आईने ते ऐकल्यानंतरही प्रत्येक अशा दारासमोर क्षणभर थांबून मान लववली.

ड्यूकच्या वाड्याबद्दल थोडक्यात. हा ड्यूक म्हणजे फेदेरिको दा मॉन्तेफेल्त्रो, त्याचा जन्म गुब्बियोचा, १४२२. त्याच्या इथल्या वाड्यात एक अभ्यासिका होती, लाकडाच्या वेगवेगळ्या रंगांचे तुकडे बसवून भिंतीवर कपाटं, पुस्तकं, वाद्यं दाखवलेली, सपाट भिंत पण बघणाऱ्याला कपाटाचं दार उघडंच वाटतं. मूळ अभ्यासिका आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, त्यांनी ती १९३९ मध्ये घेतली. वाड्यात आता इथल्या कारागिरांनी केलेली हुबेहूब प्रत आहे. प्रत छान आहे. पण जे पत्रे कोणाला वाचता येत नव्हते ते गावाने चराई देऊन ठेवून घेतले आणि ही खोली मात्र गेली, याचं मला मनापासून वाईट वाटलं, अजून वाटतं.

खाण्याबद्दल एकच. क्रेशा. कणीक, पाणी, मीठ, जाड लाटून गरम तव्यावर भाजलेली, मधे फोडून आत चीज आणि परतलेली पालेभाजी. आम्ही चार दिवस तीच खाल्ली आणि कंटाळलो नाही.

बुधवारी बोत्ताच्चोनेच्या घळीत गेलो. हे गावातून चालत जाण्यासारखं आहे आणि गुब्बियोला जाणाऱ्या दहातल्या नऊ लोकांना माहीतच नसतं, म्हणून सविस्तर लिहिते. गावाच्या मागे दोन डोंगरांच्या मधे घळ आहे, रस्त्याच्या कडेला गुलाबी-पांढऱ्या चुनखडीचे थर तिरके उभे, वहीची पानं असतात तसे. हा सगळा एके काळी समुद्राचा तळ. त्या थरांमधे एका ठिकाणी जेमतेम एक सेंटिमीटर मातीचा थर आहे. त्याच्या खाली डायनोसॉरचं जग, त्याच्या वर डायनोसॉर नाहीत. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीची रेघ. वॉल्टर अल्वारेझ या भूशास्त्रज्ञाने ही माती इथून नेली, त्याच्या वडिलांनी, लुईस अल्वारेझ, नोबेलवाले, आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ती तपासली आणि त्यात इरिडियम नावाचा धातू सापडला, आजूबाजूच्या दगडापेक्षा जवळपास तीसपट. इरिडियम पृथ्वीच्या पाठीवर फार कमी, उल्कांमध्ये बरंच. १९८० मध्ये त्यांनी मांडलं की आकाशातून एक प्रचंड अशनी आदळला आणि म्हणून ते जग संपलं. जगभर शिकवली जाणारी ही गोष्ट या रस्त्याच्या कडेला सुरू झाली. आज तिथे पाटी आहे, आणि ती मातीची रेघ लोकांनी थोडी थोडी उकरून नेल्यामुळे तिथे खोल खाच पडलीये. मी उकरलं नाही. फक्त बोट घातलं. गार होतं, आणि बोटाला भुरकट पावडर लागली.

आणि याच्याशी आपला पण संबंध आहे बरं का. त्याच सुमाराला आपल्या दख्खनवर लाव्हा पसरत होता, ज्याचा आपल्याकडचा बहुतेक सह्याद्री झालाय, तो काळा दगड. डायनोसॉर कोणामुळे गेले, अशनीमुळे की दख्खनच्या ज्वालामुखींमुळे, यावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं वाद घालतायत. मी आईला हे सांगितलं, तर ती खाचेकडे बघत म्हणाली, "म्हणजे या मातीच्या वेळचाच आपला कातळ." मी हो म्हटलं. ती बराच वेळ त्या भिंतीला हात लावून उभी होती, शेजारून गाड्या जात होत्या.

शेवटच्या रात्री घरमालकीणबाईंनी आम्हाला त्यांच्या स्वयंपाकघरात बोलावलं. साठीच्या असतील. आमच्यात भाषा अशी काही नव्हती, फोनवर भाषांतर आणि बाकी हातवारे, पण आई मराठीत बोलत होती, त्या इटालियनमध्ये, आणि दोघींचं चाललं होतं छान. मी चेरीबद्दल इतकं विचारत होते म्हणून त्या उठल्या, फ्रिजवरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून रुमालात गुंडाळलेली खापरी काढली. १५ मे ला चेरी उभे करताना बुंध्याशी घागरीतलं पाणी ओततात आणि मग घागर फेकून फोडतात, आणि त्याचे तुकडे मिळवायला लोक तुटून पडतात, घरात ठेवलं की बरकत. ही त्यांच्या वडिलांनी आणलेली. ते सान जॉर्जोचे, निळ्यांचे, ऐन उमेदीत खांब खांद्यावर घेऊन पळालेले.

तळहातात मावेल एवढी. बाहेरून पांढरट चकाकी, त्यावर निळ्या रेघेचा तुकडा, मूळ चित्र कसलं होतं ते आता कळत नाही. आतली बाजू कच्ची, तांबडी, आणि त्यावर कुंभाराच्या बोटांच्या गोल गोल रेषा, चाकावर घागर फिरत असताना उमटलेल्या. एक कड तुटून धारदार, बाकीच्या हाताळून हाताळून बोथट झालेल्या. आईने त्या रेषांवरून अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा, आणि खापरी दोन्ही हातांनी त्यांच्या हातात परत दिली, प्रसाद देतात घेतात तशी. घरमालकीणबाईंनी ती रुमालात घातली, चारी टोकं आत दुमडली, डब्यात ठेवली, डबा फ्रिजवर. मग त्यांनी आमच्या बसची वेळ विचारली. सात पस्तीस म्हटल्यावर म्हणाल्या, सातला निघा, लिफ्ट कधी कधी उशिरा उघडते.